गाडी वर गेली, आता तिला धरलंय कोणी?

गणपतीला भाचा मुंबईहून आला तो गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "मामा, पुढच्या ब्रेकमधून किर्र किर्र येतंय. पॅड आणलेत मी, उद्या आपणच बदलूया का?" मला बरं वाटलं. हल्लीची पोरं वायपरचं रबरसुद्धा सर्व्हिस सेंटरात बसून बदलून घेतात. दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदक झाले, आणि हात धुऊन पडवीत येतो तर हा डिकीतला जॅक काढून बसलेला. शेजारी परसातून उचलून आणलेले चार जांभ्याचे चिरे.

"चिरे कशाला रे?"

"जॅक सटकला तर गाडी चिऱ्यांवर बसेल ना."

चारही चिरे त्यालाच परत ठेवून यायला लावले. त्या दुपारी आम्हाला तीन तास लागले. त्यातला पाऊण तास ब्रेकचा. बाकी सगळा वेळ गाडी वर नेण्यात आणि ती वरच राहील याची खात्री करण्यात गेला. लिहितोय तो त्या बाकीच्या वेळाबद्दल.

मी सरकारी आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो, निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात पोरांना हायड्रॉलिक प्रेसपाशी उभं करायचो. प्रेसखाली एक चांगला सुका चिरा. त्यावर जॅकच्या टोकाएवढा लोखंडाचा तुकडा. मग हळूहळू दांडा मारायचा. गेजचा काटा चढतोय, चिरा जागचा हलत नाही, चिरही जात नाही. पोरं म्हणायची, "सर, काय नाय होत." आणि मग फट् करून आवाज, लाल भुगा, दोन तुकडे दोन बाजूला. मधली पायरीच नाही. पत्रा वाकतो, लाकूड कडकडतं, माणसाला बाजूला व्हायला निदान एक श्वास मिळतो. चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक तेवढाही देत नाहीत.

भाच्याने शंका काढलीच. "पण आपलं अख्खं घर चिऱ्यावर उभं आहे की."

शंका चांगली आहे, म्हणून उत्तर देतो. भिंतीत चिरा सगळ्या अंगाने सारखा दाबला जातो, खाली-वर गिलावा असतो, आणि भिंत हलत नाही. गाडीची कड असते जेमतेम दोन पत्र्यांएवढी जाड, तीही लोखंडी. सगळा भार एका रेघेवर येतो आणि तुम्ही नट ओढायला लागलात की ती रेघ डोलते. पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन आणखी ठिसूळ होतो, ते आम्हा कोकणातल्यांना सांगायला नको.

आता सामान. गाडीबरोबर येणारा जॅक, तो चौकोनी कात्रीसारखा उघडतो तो, वाईट नाही. पण तो चाक बदलण्यापुरताच दिलेला असतो. बूड तळहाताएवढं, मध्ये एकच स्क्रू, आणि बाजूने धक्का बसला की कलंडायला मोकळा. घाटात पंक्चर झालं, पंधरा मिनिटांत स्टेपनी चढवली, एवढंच त्याचं काम. "पंक्चरवाला तर नुसत्या जॅकवरच करतो की," असं मला दर वेळी कोणीतरी ऐकवतं. करतो. पण त्याच्याकडे नीट बघा. चाक काढतो आणि घालतो, त्याचं अंग कधीच गाडीखाली नसतं.

घरी काम करायचं तर ट्रॉली जॅक घ्या. चार लोखंडी चाकांवरचा, लांब दांड्याचा. हॅचबॅकला दोन टनी पुष्कळ झाला. भाच्याची वॅगन-आर नऊशे किलोच्या आसपासची, त्यातलं अर्ध्याहून जास्त वजन इंजिनामुळे पुढे. म्हणजे जॅकवर पाच-साडेपाचशे किलो. टनाकडे बघून जॅक घेण्यापेक्षा उंचीकडे बघून घ्या. खाली बसलेला जॅक गाडीखाली शिरतो का, आणि पूर्ण वर गेल्यावर स्टँड बसवण्याएवढी गाडी उचलतो का, हे दोन आकडे खोक्यावर छापलेले असतात. बाटली जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा असतो तो, ट्रकला छान. आपल्या गाडीखाली तो मुळात शिरतच नाही, मग लोक खड्डा खणतात, नाहीतर गाडी आधी दगडावर चढवतात. हा सगळा खटाटोप कशासाठी, मला कळलेलं नाही.

पण जॅक कितीही भारी असो, त्याच्या आत तेल आहे आणि ते तेल एका रबरी सीलने अडवलंय. एवढ्यावर गाडी उभी असते. सील चिरला, झडपेत कचरा अडकला, कोणी चुकून दांडा फिरवला, की गाडी खाली. जॅकचं काम उचलण्याचं. धरून ठेवायचं काम स्टँडचं. माझ्या वर्कशॉपात या वाक्याला अपवाद नव्हता. स्टँड न लावता हात आत घातलेला दिसला की तो पोरगा त्या दिवशी फक्त झाडू मारायचा.

स्टँड जोडीने मिळतात. तीन किंवा चार पाय, मध्ये वर-खाली होणारा खांब. एका प्रकारात खांबाला दात असतात आणि खिटी त्यात अडकते, दुसऱ्यात आरपार भोकं असतात आणि जाड पिन घालायची. मला विचाराल तर पिनवाला. पिन बसली की नाही ते आंधळ्यालाही हाताने कळतं. दातांचा घ्यायचा तर खिटीच्या जोडीला एक जादा सुरक्षा पिन घालायची सोय असलेला घ्या. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीला आपले लाखो जॅक स्टँड परत मागवावे लागले होते. खिटी दातात पूर्ण बसत नव्हती, आणि भार असताना धक्का लागला तर खांब खाली येऊ शकत होता. तेव्हा दातांचा स्टँड विकत घेताना दुकानातच खांब वर करा, खिटी सोडा आणि वरून दोन्ही हातांनी दाबून, हलवून बघा. दात आणि खिटी एकमेकांत किती खोल जातात ते वाकून डोळ्यांनी बघा. टोकाला नुसते टेकले असतील तर ठेवून द्या तिथेच. आणखी एक: खोक्यावरचं वजन एका स्टँडचं की जोडीचं, ते विचारा. पुष्कळदा जोडीचं असतं.

जागा

गाडी कुठे उचलायची हे गाडी कशी उचलायची याच्या आधी ठरतं.

आमच्या पडवीला कोबा आहे, म्हणून काम पडवीत. अंगणात नाही. अंगण मातीचं. स्टँडच्या पायाला मातीत शिरायला वेळ लागत नाही, आणि चारही पाय सारखे शिरत नाहीत. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली फूटभर चौकोनी, निदान १८ मिलिमीटर जाडीचं प्लाय घाला, नाहीतर एकच ब्लॉक खचतो. शहाबादी फरशी तर आणखी फसवी. वरून दगड, खाली पोकळी. डांबरावर मे महिन्यात दुपारी स्टँडचा पाय लोण्यात सुरी जावी तसा जातो.

आणि शहरातल्या लोकांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. पुष्कळ बंगल्यांत पाण्याची जमिनीखालची टाकी नेमकी पार्किंगमध्ये असते. वरून टाइल लावलेली, कडेला एक लोखंडी झाकण. गाडीची चारही चाकं तिच्यावरून रोज जातात म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चाकाचा भार पसरट असतो. स्टँडचा पाय टाचेसारखा टोचतो. झाकणापासून लांब राहा.

मग ढाळ. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला ढाळ दिलेलाच असतो, डोळ्यांना दिसत नाही एवढाच. एक काचेची गोटी ठेवून बघा. सावकाश घरंगळली तर चालेल, पळाली तर जागा बदला. भाच्याने गोटी ठेवली, ती जागची हलली नाही. "बघा, एकदम सपाट," म्हणाला. कोब्यावर मोदकाचा पाक सांडून चिकट झालं होतं. पुसून घेऊन पुन्हा ठेवली तेव्हा ती आरामात विहिरीच्या दिशेने निघाली. चालण्यासारखं होतं, पण आता आम्हाला गाडीचा कल कुठे आहे ते माहीत झालं.

तीन गोष्टी ज्या गाडी थांबवतात, आणि कधी थांबवत नाहीत

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथलीच आहे.

आमची मारुती ८०० होती. हँडब्रेकची केबल ढिली, म्हणजे दांडा छतापर्यंत ओढला तरी गाडी हाताने ढकलता यायची. मी म्हटलं, गिअरमध्ये टाकू. पहिला गिअर टाकला, पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, चाक काढून तुळशीच्या कठड्याला टेकवलं. स्टँड होते वर्कशॉपात. सुट्टीचा दिवस, कोण जातंय आणायला. आई म्हणाली चहा झालाय, म्हणून आत गेलो. कपाला तोंड लावतोय तोवर बाहेर धप्प आवाज. गाडी पुढे सरकली होती, फार नाही, वीतभर. जॅक आडवा पडलेला, आणि ब्रेकची डिस्क मातीत रुतून बसलेली. दोन मिनिटांपूर्वी माझा गुडघा बरोबर तिथे होता. आई बाहेर आली, तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरांना हेच शिकवतोस काय?" दुसरं काही बोलली नाही. बोलायला उरलंच काय होतं!

गाडी गिअरमध्ये होती, मग सरकली कशी? कारण डिफरन्शियल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाकडून येणारा जोर डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना वाटला जातो, म्हणजे वळणावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर गिअर गाडीला धरतो. एक चाक हवेत गेलं की जमिनीवरचं चाक पुढे फिरतं, हवेतलं उलटं फिरतं, आणि गिअरबॉक्सला पत्ताही लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक अशाच आहेत. पुढचं एक चाक उचललं की गिअर नाही असंच समजा.

हँडब्रेकचं याच्या उलट. तो मागच्या चाकांना लागतो. म्हणून पुढची बाजू उचलताना हँडब्रेक कामाचा, गिअर बिनकामाचा. मागची बाजू पूर्ण उचलली की हँडब्रेक हवेतल्या चाकांना घट्ट धरून बसतो, त्याचा उपयोग शून्य. तेव्हा पुढची चाकं जमिनीवर असतात, म्हणून गिअर कामाला येतो.

तिसरी गोष्ट दोन्ही वेळा लागतेच. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचर. पुढे आणि मागे, दोन्हीकडून. मी सागाच्या तुकड्यातून तिरक्या कापून घेतल्यात, लाकूडकाम करणारा कोणीही पाच मिनिटांत कापून देईल. गोल दगड लावू नका, चाक त्यावरून चढतं नाहीतर तो निसटतो. पाचर नुसती शेजारी ठेवायची नाही, हातोडीने एक टोला मारून चाकाला भिडवायची.

भाच्याकडून हे सगळं करून घेतलं आणि मग हँडब्रेक ओढलेल्या, पाचर मारलेल्या गाडीला म्हटलं, आता ढकल. तो ढकलून ढकलून लाल झाला. ठीक, आता पुढे जाऊ. किल्ली काढून माझ्या खिशात, आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की आम्ही गाडीपाशी आहोत. गणपतीत घर भरलेलं असतं. लहान पोरं गाडीत चढून स्टिअरिंग खेळतात, आणि ती चढताना खाली कोण आहे हे बघत नाहीत.

उचलणं

आधी चाकांचे नट. गाडी जमिनीवर असतानाच ते अर्धा आटा सैल करून घ्यायचे, काढायचे नाहीत. गाडी वर गेल्यावर घट्ट नटाला झटके देणं म्हणजे गाडीला स्टँडवरून ढकलणं.

मग कुठे उचलायचं? दाराच्या उंबऱ्याखाली हात घाला. दोन पत्रे एकत्र दाबून वेल्ड केलेली एक उभी कड लागेल. पुढच्या चाकाच्या किंचित मागे आणि मागच्या चाकाच्या किंचित पुढे या कडेला दोन-दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमधली जागा मजबूत केलेली, तीच जॅकची. तिथून वीतभर इकडेतिकडे झालात तर कड चुरगळते. सपाट लोखंडी बशीचा ट्रॉली जॅक तिथे लावायचा तर मध्ये खाच पाडलेला जाड रबराचा ठोकळा हवा. मी जुन्या कन्व्हेयर पट्ट्याच्या तुकड्यातून कापलाय.

आमच्यासारख्या खाऱ्या हवेतल्या लोकांनी आधी ती कड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावी. टणटण वाजली तर पत्रा आहे. भद्द वाजली, पापुद्रे पडले, तर आत गंज आहे आणि गाडी तिथून उचलायची नाही. आधी पत्र्याचं काम.

आता अडचण अशी की जॅक आणि स्टँड दोघांना हीच जागा हवी असते. म्हणून पुढची दोन्ही चाकं काढायची असतील तर जॅक मध्ये लावायचा. पुढच्या सस्पेन्शनची जाड आडवी फ्रेम असते, तिच्या मधोमध, गाडीच्या पुस्तकात तशी खूण दाखवली असेल तर. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, तेव्हा पुस्तक उघडा. ते डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेलंच नसतं. त्या फ्रेमच्या अगदी जवळ इंजिन ऑइलचं चेंबर आहे. अंधारात दोन्ही सारखीच वाटतात. चेंबरला जॅक लावलात तर गाडी उचलली जाणार नाही, चेंबर मात्र आत जाईल. टॉर्च घेऊन पोटावर झोपायचं आणि जॅकची बशी नेमकी कुठे टेकतेय ते डोळ्यांनी बघायचं. अंदाजपंचे नाही. विजेवरच्या गाड्यांना तळाशी बॅटरीचा अख्खा डबा असतो, त्यांच्या बाबतीत तर पुस्तकात दाखवलेल्या जागा सोडून कुठेही जॅक नको. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या चॅसिसवाल्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, उंचीही जास्त लागते. त्यांना तीन टनी जॅक आणि उंच स्टँड.

दांडा मारायला लागलात की जॅककडे बघत राहा. बशी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. त्यामुळे जॅक स्वतःच्या चाकांवर थोडा गाडीखाली सरकतो, आणि तो सरकायलाच हवा. म्हणून जॅकच्या चाकाखाली खडी, चिंधी, केबल काही नको. चाकं अडली तर जॅक सरकण्याऐवजी बशी गाडीखालून सरकते. दोन-तीन दांडे मारले की थांबायचं, खाली वाकून बघायचं. टेकलाय तिथेच आहे ना? मागच्या पाचरी हलल्या नाहीत ना? मग पुढे.

लागेल तेवढंच उचला. टायर जमिनीवरून दोन बोटं सुटला की ब्रेकच्या कामाला झालं. जास्त उंच म्हणजे जास्त सोयीचं असं वाटतं खरं, पण जेवढी उंच तेवढी डोलते.

आता स्टँड. दोन्ही बाजूंना, त्या दोन खाचांमध्ये, दोघांची उंची सारखी. भोकं मोजा. भाच्याने एक स्टँड तिसऱ्या भोकावर लावला आणि एक चौथ्या. दिसायला सारखेच दिसत होते. स्टँडच्या डोक्यावरही रबर ठेवायचं, पाय चारही टेकलेले हवेत. मग तेलाची झडप उघडायला जॅकचा दांडा डावीकडे फिरवायचा तो अगदी थोडा, सुई सरकावी तेवढा. गाडी उतरायला लागली की हात तिथेच थांबवायचा आणि तिला सावकाश स्टँडवर बसू द्यायचं. गाडी बसताना कुरकुरते. तो आवाज रबर दबल्याचा. कट् असा लोखंडाचा आवाज आला तर लगेच झडप बंद, पुन्हा वर, पुन्हा बघायचं. आमच्या उजव्या बाजूला कट् वाजलं. स्टँडचं डोकं खाचेच्या कडेला होतं, मध्ये नव्हतं. बोटभर सरकवलं.

भार पूर्ण स्टँडवर गेला की जॅक काढायचा नाही. पुन्हा एक-दोन दांडे मारून फ्रेमला नुसता भिडवून ठेवायचा, झडप बंद. आणि काढलेली चाकं कुठे ठेवायची? तुळशीच्या कठड्याला नाही. आडवी करून दोन्ही बाजूंना दाराच्या उंबऱ्याखाली सरकवायची. आता सांगा, गाडीला धरलंय कोणी? स्टँडने. स्टँड गेला तर? जॅकने. जॅक गेला तर? चाकावर बसेल, माणसावर नाही. प्रत्येक "गेला तर"ला उत्तर मिळाल्याशिवाय मी कोणाला हात आत घालू देत नाही.

हलवून बघणं

हे बहुतेक लोक गाळतात, आणि मला याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही वाटत नाही. गाडीखाली जायच्या आधी तिला पाडायचा प्रयत्न करा. खरोखर. बंपरपाशी उभं राहून कंबरेने ढकला. मग दाराच्या बाजूने, दोन्ही तळहात छतावर ठेवून, आधी हळू, मग जोरात. भाचा घाबरला. "मामा, पडेल ना!" पडायची असेल तर आत्ता पडू दे की. आत्ता खाली कोणी नाही. स्प्रिंगवर गाडी हलेल, पण स्टँडचे पाय कोब्यावरून केसभरही सरकता कामा नयेत. पायांभोवती खडूने रेघ मारून ठेवा म्हणजे डोळ्यांना कळतं. आमची रेघ जिथल्या तिथे राहिली. मग म्हटलं, आता बस.

पॅड बदलायला गाडीखाली जावंही लागत नाही, बाजूला पाट घेऊन बसता येतं. मांडी घालून बसू नका, पाय गाडीखाली जातात. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट घट्ट असतात. पान्ह्यावर पाईप चढवून हिसका मारायचा मोह होतो. मारू नका. सावकाश, वाढता जोर द्या, आणि एक बोल्ट निघाला की स्टँडकडे एक नजर. तळाचं काम असेल, सायलेन्सर किंवा गंजाचं, तर डोळ्यांना चष्मा लावा, झोपून वर बघितलं की गंजाचे कण थेट डोळ्यात येतात. आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय गाडीखाली झोपायचं नाही. फोन खिशात असून भागत नाही. खिशापर्यंत हात पोचेलच असं नाही.

मध्येच पाऊस आला, वारा आला, जेवायला हाक आली, तर उठून जायला हरकत नाही. पण परत आल्यावर पुन्हा खडूची रेघ, पुन्हा एकदा हलवून बघणं. माझा चहाचा कप मी विसरलेलो नाही.

उतरवणं

काम संपलं की माणूस घाईला येतो. हात काळे, पाठ धरलेली, आतून चहाचा वास. निम्मे घोटाळे याच वेळी होतात. चाक चढवायच्या आधी हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, नाहीतर नट गंजावर आवळले जातात आणि नंतर सैल पडतात. नट हाताने आट्यात घाला, पान्ह्याने नाही. चार नटांचं चाक, समोरासमोरचे आळीपाळीने, हलकेच घट्ट.

गाडीखाली पडलेल्या हत्यारांची मोजणी करा. मग जॅकने गाडी वर, स्टँड आधी मोकळे होतील एवढीच, स्टँड आणि आडवी ठेवलेली स्टेपनी वगैरे काय असेल ते बाहेर, सगळ्यांचे पाय लांब, आणि मग झडप पुन्हा त्या सुईएवढ्या फिरवण्याने. गाडी धाडकन सोडायची नाही. चारही चाकं टेकली की नट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने पक्के. किती पक्के ते टॉर्क पान्हा, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पान्हा, आणि पुस्तकातला आकडा सांगतो. टॉर्क पान्हा नसेल तर व्हील पान्ह्याच्या टोकाला हाताचा पूर्ण जोर, पण वर उभं राहून उड्या नाहीत. पाचरी सगळ्यात शेवटी.

ब्रेकचं काम केलं असेल तर गाडी सुरू करायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, टणक होईपर्यंत. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब पोकळच जातात. हे विसरलात तर गाडी पहिल्यांदा थांबते ती गेटला.

जॅक ठेवायच्या आधी त्याचंही थोडं बघा. वर्षातून एकदा, मी खंडेनवमीला करतो, हत्यारांना हळदकुंकू वाहायचं असतंच. जॅकवर गाडीचा भार देऊन दांड्याशी खडूची खूण करायची आणि दहा मिनिटं बसून बघायचं, अर्थात खाली कोणी नसताना. बशी उतरली तर सील गेलाय किंवा झडप. आत हवा शिरली असेल तर झडप उघडी ठेवून, भाराशिवाय, आठ-दहा वेळा दांडा पूर्ण वर-खाली करायचा, मग हायड्रॉलिक जॅकचं तेल भरायचं. त्यात ब्रेक ऑइल घालू नका, सील फुगतात.

अनंत चतुर्दशीनंतर भाचा परत निघाला. निघताना सांगितलं होतं की पन्नासेक किलोमीटर झाले की थांबून नट एकदा बघ. पोलादपूरला चहाला थांबला तिथून फोन आला. "मामा, बघितले. सात जागचे हलले नाहीत. उजव्या बाजूचा एक पाव आटा आला."

उजव्या बाजूचा हब त्याने घासला होता. मी चहा प्यायला गेलो होतो.